वरची रिकामी ओळ

वेबसाइटी बनवणाऱ्या त्या ऑफिसात माणसं पाच आणि खोल्या दोन. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान. खालून दिवसभर चाकात हवा भरल्याचा आवाज येई आणि वर कुणाची ना कुणाची हवा निघत असे. पाचांतला एक जण चित्रं सांभाळायचा, दुसरा रंग, तिसरा गिऱ्हाइकांचे फोन घेऊन त्यांना ‘उद्या नक्की’ सांगायचा, मालक या तिघांना सांभाळायचे, आणि उरलेल्या बाई याद्या करायच्या. म्हणून त्या यादीताई.

याद्या करणं हे काय काम झालं, असं कुणालाही वाटेल. मालकांनाही आधी तसंच वाटत होतं. पण यादीताईंचं म्हणणं असं की, कुठल्याही वेबपानाचा रंगरंगोटीचा कोट काढला की आत यादीच बसलेली असते. दुकानातल्या वस्तूंची यादी, डॉक्टरांच्या वेळांची यादी, तक्रारींची यादी, आणि तक्रार कुठे करू नये याची यादी. हे मत त्या दवाखान्यात नंबर लावून बसल्या असतानाही शेजारच्या पेशंटला ऐकवत. पेशंट बिचारा आधीच आजारी, तो मान डोलवायचा.

यादी लिहिण्याची रीत तशी सोपी. आधी एक खूण करायची, की यादी सुरू झाली. शेवटी एक खूण, की संपली. मधली प्रत्येक ओळ तिच्या तिच्या खुणेत गुंडाळायची. आकडे मात्र लिहायचे नाहीत. आकडे ब्राउझर घालतो, म्हणजे ज्यातून आपण वेबपान बघतो तो प्रोग्राम. फोन घेणारा गृहस्थ घाईत कधी कधी हातानेच एक, दोन, तीन टाइप करायचा, तेव्हा यादीताई त्याच्याकडे, भाजीच्या पातेल्यात कंगवा बुडवणाऱ्याकडे बघावं तशा बघत.

आणि मग ती उलटी यादी. सुरुवातीच्या खुणेत ‘उलट’ अशा अर्थाचा एक शब्द टाकला, की आकडे वरून खाली उतरत येतात. सगळ्यात वर सगळ्यात मोठा, तळाशी एक. यादीताईंनी हा शब्द पहिल्यांदा टाकून बघितला, त्या दिवशी त्यांचा चहा कपातच निवला. साधी यादी मोजायला अक्कल लागत नाही. पहिली ओळ आली, एक म्हणा. दुसरी आली, दोन म्हणा. पण उलट्या यादीत पहिल्याच ओळीपुढे कुठला आकडा मांडायचा, हे कळायला आधी शेवटपर्यंत जाऊन यावं लागतं. एकूण किती जण आहेत हे बघून यायचं, परत वर यायचं, आणि मग पहिल्याला सांगायचं की बाबा रे, तू त्रेसष्टावा. पहिल्या ओळीला शेवटच्या ओळीची खबर असते! त्या कितीतरी वेळ पडद्याकडे बघत बसल्या. मालकांनी विचारलं, काही बिघडलं का? यादीताई म्हणाल्या, नाही, आमच्या बाबांचा फळा दिसला.

तर आता फळ्याकडे यायला हवं.

गावाला लागून एक मोठं तळं होतं. त्याच्या अलीकडच्या काठावर पोहण्याच्या क्लबाची पत्र्याची शेड आणि पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. वर्षातून एकदा क्लबाची माणसं पलीकडच्या काठावरून पाण्यात शिरत आणि पोहत अलीकडे येत. वाटेत, दिशा चुकू नये म्हणून, नारिंगी रंगाची रिकामी पिंपं नांगरून ठेवलेली असत. नाव आधी नोंदवायचं नाही. सकाळी पलीकडच्या काठावर हजर व्हायचं, एक रबरी टोपी घ्यायची आणि उडी मारायची. एके वर्षी चिटणिसांनी पाण्यात शिरण्याआधी प्रत्येकाचं नाव आणि घरचा पत्ता विचारला होता. निम्मी माणसं तिथूनच घरी गेली. तेव्हापासून जाताना नुसत्या टोप्या मोजत आणि नाव विचारत ते बाहेर आल्यावर.

बाहेर आलेल्याचं नाव फळ्यावर चढवायचं काम यादीताईंच्या वडिलांचं. सगळे त्यांना फळेकाका म्हणत. पोहण्याच्या क्लबात सगळी हयात घालवलेल्या या गृहस्थांना पोहता येत नव्हतं. पाण्याला ते हात लावत तो फक्त फळा पुसायचं फडकं भिजवायला. पण फळा असा काही करत, की बघत राहावं. पलीकडून टोप्यांचा आकडा आला की शिडीवर चढून तेवढ्या ओळी आखत. दोरीला खडूची पूड चोळायची, ताणून धरायची आणि टिचकी मारायची. सपकन सरळ रेघ. मग तळाच्या ओळीपुढे एक, तिच्यावर दोन, असं करत सगळ्यात वरच्या ओळीपर्यंत आकडे. त्याच्या वर एक जाड रेघ. त्या रेघेच्या वर काही नाही, आभाळ.

पहिला जो बाहेर येई त्याचं नाव तळाशी. दुसऱ्याचं त्याच्यावर. फळा असा खालून वर भरत जायचा आणि फळेकाका शिडीची एकेक पायरी चढत जायचे. नावंही कशी, तर ज्याला गाव ज्या नावाने हाक मारतं ती. टायरवाला, चष्मेवाली, मोठे साडू, धाकटे साडू. शेवटचा पोहणारा बाहेर येई तेव्हा फळेकाका शिडीच्या टोकावर असत आणि खाली सगळा काठ माना वर करून टाळ्या वाजवत असे.

त्या टाळ्या दर वर्षी एकाच व्यक्तीला मिळत. यादीताईंच्या आईला. आई पाठीवर पोहायची. ढग बघत, मधेच गुणगुणत, पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवायला मागून येणाऱ्या शेवटच्या नावेतल्या नावाडीदादांशी गावभरच्या खबरांची देवाणघेवाण करत ती यायची. शर्यत आहे हे तिला माहीत होतं, पण त्यात आपला काही संबंध आहे असं तिला कधी वाटलं नाही. क्लबात तिचं नाव पूर्णविराम. पूर्णविराम पायऱ्या चढली की चिटणीस शिट्टी फुंकत, नावा काठाला लागत, सतरंज्या गुंडाळल्या जात. पिंपं तेवढी दुसऱ्या दिवशी काढायची.

फळा खालून वर का भरायचा, याच्या दोन हकिगती होत्या. फळेकाका सांगत, की पहिल्या वर्षी शिडी आणायला गेलेला माणूस उशिरा आला, तोवर हाताला येतील त्या ओळी खालूनच भरल्या, आणि पुढे तेच चालू राहिलं. आई म्हणे, शिडी मुळीच उशिरा आली नव्हती. पहिल्या वर्षी मी शेवटची आले, आणि तेव्हा आमचं लग्न ठरायचं होतं. हे ऐकलं की फळेकाका खाकरत आणि दोरी भिजली का बघायला उठून जात.

लहानपणी यादीताई शिडीच्या पायथ्याशी बसून हे सगळं बघायच्या. त्यांची तेव्हा पक्की समजूत होती, की बाबा ओळ आखतात म्हणून माणूस पाण्यातून बाहेर येतो. ओळ नसती तर तो कुठे आला असता? आईची ओळ सगळ्यात वर, रिकामी. बाबा तिच्याकडे बघतात, मग पाण्याकडे बघतात, परत ओळीकडे बघतात, आणि थोड्या वेळाने आई येतेच. जगात याहून मोठी जादू त्या मुलीने पाहिली नव्हती. पुढे वय वाढलं, केस पांढरे व्हायला लागले, पण समजूत आतून काही पूर्ण गेली नाही.

यंदा डॉक्टरांनी फळेकाकांच्या गुडघ्याचा फोटो बघितला आणि शिडीचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं. त्यातच फळ्याच्या चौकटीला वाळवी लागलेली निघाली. चिटणिसांनी सभा घेतली. हे चिटणीस म्हणजे नीटनेटकेपणाचे भोक्ते. पाण्यातल्या लाटासुद्धा एका रांगेत याव्यात असं त्यांना वाटे. त्यांनी ठरवलं, की फळा बंद. निकाल वेबपानावर. माणूस बाहेर आला की तिथल्या तिथे नाव चढेल आणि दूर देशी असलेली मुलंबाळंही घरबसल्या बघतील. आणि पान करणार कोण, तर फळेकाकांचीच मुलगी.

घरी ही बातमी सांगितली तेव्हा फळेकाका जेवत होते. पुढचं जेवण त्यांनी संपवलं, मग हात धुऊन आले आणि म्हणाले, “कर. पण मी बघणार. चुकलं तर शिडी आहे.”

शिडी खरोखरच होती. त्यांनी ती शेडमागे, कुणाला दिसणार नाही अशी आडवी ठेवून दिली होती. खिशात खडूचे दोन तुकडेही होते. यादीताईंना हे सगळं माहीत होतं. त्या गुडघ्यावर बाबा शिडी चढले तर उतरताना काय होईल, हे डॉक्टरांनी त्यांनाच बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्यामुळे ऑफिसातली कामं बाजूला सारून त्या उलट्या यादीला लागल्या, आणि अशा जोमाने लागल्या की मालकांनी दोन दिवस त्यांच्याकडे बघायचंच टाळलं.

शर्यतीआधीच्या रविवारी चाचणी घेतली. आठ-दहा जण थोड्या अंतरावरून पोहत आले. टायरवाला नेहमीप्रमाणे पहिला. यादीताईंनी त्याचं नाव घातलं आणि पानावर आलं, एक, टायरवाला. त्याने ओल्या हाताने फोन काढून बायकोला बघायला सांगितलं. तेवढ्यात दुसरा बाहेर आला आणि टायरवाला झाला दोन. तिसरा आला, टायरवाला तीन. तो टॉवेल गुंडाळून काठावर उभा आणि पानावर एकसारखा मागे पडतोय. बायकोचा फोन आला, की तुम्ही बुडताय का? टायरवाला मोठ्या समजूतदारपणे यादीताईंपाशी आला आणि म्हणाला, “ताई, मी तर कधीचा बाहेर आलोय. अजून किती वेळ हरायचं मी?”

सगळ्यात शेवटी आई आली आणि तिच्या नावापुढे मांडला गेला एक. जन्मात पहिल्यांदा. तिने फोन हातात घेऊन तो आकडा बराच वेळ निरखला आणि सुचवलं, की बिघडलंय कुठे, राहू दे असंच.

चूक मोठी मजेशीर होती आणि यादीवाल्यांनाच सुचावी अशी होती. जगभरची सवय अशी, की यादीत नवी ओळ आली की ती खाली जोडायची. यादीताईंचा हात सवयीने तेच करत होता. पण यादी उलटी. तळाला नेहमी एक, त्यामुळे नवा जो येईल तो एक, आणि आधीचे सगळे बिचारे एकेक पायरी वर ढकलले जाणार. त्यांनी नव्या ओळी वरून घालायला सुरुवात केली, तशी यादी एकदम शांत झाली. टायरवाला तळाशी एकवर जो बसला तो बसला. त्याच्या डोक्यावर कितीही माणसं चढवा, त्याचा आकडा हलेना. खालची माणसं जिथल्या तिथे आणि वर नवा मजला चढतोय. यादीताईंना वाटलं, जिंकलं. त्यांनी फोन बाबांपुढे धरला.

फळेकाकांनी चष्मा पुसला, पान वरखाली करून बघितलं. “छान आहे,” ते म्हणाले. “आलेले सगळे दिसतात. पाण्यातले कुठे आहेत?”

यादीताईंनी फोन परत घेतला. फळ्यावर आधी ओळी आखल्या जात आणि मग नावं येत, हे त्या लहानपणापासून बघत होत्या आणि तरी विसरल्या होत्या. त्यांच्या पानावर माणूस बाहेर आला की दिसे. न आलेला मात्र कुठेच नव्हता, जणू तो पाण्यात उतरलाच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी यादी मोडून पुन्हा रचली. पलीकडून टोप्यांचा आकडा आला की तेवढ्या रिकाम्या ओळी आधीच मांडायच्या. ब्राउझर त्या मोजणार, कारण ओळ रिकामी असली तरी ब्राउझरच्या लेखी ती ओळच. सगळ्यात वर सगळ्यात मोठा आकडा, खाली एक, आणि पुढे नुसती कोरी जागा. मग तळापासून एकेक ओळ भरत जायची. त्यांनी पान उघडून बघितलं. एवढे सगळे आकडे उभे होते, दाराशी दिवे लावून कुणाची तरी वाट बघावी तसे.

शर्यतीच्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. पायऱ्यांपाशी टेबल, टेबलावर संगणक, शेजारच्या खुर्चीत फळेकाका. गुडघ्यावर शाल आणि शालीवर फोन. पलीकडून निरोप आला, त्रेसष्ट टोप्या. यादीताईंनी त्रेसष्ट ओळी मांडल्या, आणि चाचणीची आठवण होऊन पुन्हा एकदा मोजून बघितल्या. मोजायचं काम ब्राउझरचं आहे हे लोकांना शिकवणाऱ्या बाईने बोट लावून ओळी मोजल्या. हे ऑफिसात कळलं असतं तर फोनवाल्या गृहस्थाला वर्षभर पुरलं असतं.

टायरवाला आला आणि तळाशी विराजमान झाला. तो टॉवेल गुंडाळून पानापुढे पहारा देत बसला, पण त्याचा आकडा काही हलला नाही. मग माणसं भराभर यायला लागली. चष्मेवाली चष्म्याशिवाय आली आणि स्वतःचं नाव वाचता येईना, तेव्हा दुसऱ्याच्याच नावावर बोट ठेवून बरोबर आहे म्हणून सांगून गेली. दोन्ही साडू एकदम पायऱ्यांना लागले आणि कोण आधी यावरून ओल्या अंगाने भांडले. फळेकाका फोनवरची ओळ भरताना बघत आणि मान हलवत. वारा सुटला होता. पाणी करडं झालं, पिंपं वरखाली व्हायला लागली. खालून वर पान भरत गेलं, आणि शेवटी लांबवर आईचे दोन हात पाण्याबाहेर येताना दिसायला लागले. मागे नाव, नावेत नावाडीदादा, आणि दोघांची कुणाच्या तरी सुनेबद्दल चाललेली चर्चा पाण्यावरून काठापर्यंत ऐकू येत होती.

पूर्णविराम पायऱ्या चढली. टाळ्या झाल्या. यादीताईंनी आईचं नाव घातलं, चिटणिसांनी शिट्टी फुंकली, नावाडीदादांची नाव काठाला लागली.

आणि आईच्या वर एक ओळ रिकामी राहिली.

त्रेसष्ट, आणि पुढे काही नाही.

चिटणीस वाकून पडद्याकडे बघायला लागले. त्यांना ती ओळ, इस्त्रीच्या शर्टाचं एक बटण निघालेलं असावं तशी टोचली. म्हणाले, पुन्हा गडबड झाली वाटतं. पूर्णविराम आल्या म्हणजे संपलं, त्यांच्यामागे आजवर कुणी आलंय का? कुणीतरी टोपी घेऊन परस्पर घरी गेला असेल, नाहीतर तिकडे मोजताना चुकले असतील. गेल्या रविवारी हेच पान टायरवाल्याला मागे पाडत होतं, याचीही त्यांनी गोड आवाजात आठवण करून दिली. बाहेरगावचे लोक बघताहेत, बरं दिसत नाही, ती वरची ओळ तेवढी काढून टाका.

यादीताईंनाही ते पटण्यासारखं वाटलं. चूक आपल्या हातून आधी झाली होती, परत झाली नसेल कशावरून? शिवाय आईच्या मागे कुणी असू शकतं ही कल्पनाच त्यांच्या, आणि सगळ्या काठाच्या, डोक्यात मावत नव्हती. त्यांनी ती ओळ निवडली. बोट पुसायच्या कळीवर ठेवलं.

मग त्यांना दिसलं, की ही ओळ पुसली तर काय होईल. काहीच होणार नाही. ब्राउझर शेवटपर्यंत जाईल, मोजून येईल आणि आईपुढे बासष्ट मांडेल, जो आत्ताही होताच. खालचा एकही आकडा हलणार नाही. यादीला भोक पडणार नाही, डाग राहणार नाही. फळ्यावरची ओळ पुसली तरी जाड रेघेखाली खडूचा फिकट पट्टा उरला असता. इथे काहीही उरणार नव्हतं. यादी संपूर्ण, देखणी आणि बरोबर दिसेल, आणि त्यात एक माणूस नसेल. ज्या उलट्या यादीकडे बघून त्यांचा चहा निवला होता, तिचं हे दुसरं रूप बघून त्यांचे हातच निवले.

त्यांनी बोट उचललं आणि बाबांकडे बघितलं.

फळेकाका फोनकडे बघत नव्हते. ते लेकीकडे बघत होते. “ओळी मोजून टाकल्या होत्यास,” त्यांनी विचारलं, “की अंदाजाने?”

“मोजून. दोनदा.”

“मग थांब.”

त्यांनी चिटणिसांना शिट्टी खिशात ठेवायला सांगितलं आणि आईला हाक मारली. आई केस पिळत आली. वाटेत कुणाला मागे टाकलंस का, असं त्यांनी विचारलं, तशी ती आधी खळखळून हसली. इतकी वर्षं पोहतेय, कुणाला मागे टाकताना कसं वाटतं हेही तिला माहीत नव्हतं. आपण कुणाच्या पुढे जाऊ शकतो हेच तिला नवीन. मग केस पिळता पिळता म्हणाली, “कुणी नाही बाई. पण यंदा ते मधलं पिंप छान केलंय हं. त्यावर चेहरा रंगवलाय.”



पिंपांवर चेहरे रंगवले नव्हते. चष्मा काठावर ठेवून पोहणाऱ्या आईला जो चेहरा दिसला होता तो रंगवलेला नव्हता. नावाडीदादांनी तोंडाचा आ वासला, कारण त्या पिंपाच्या जवळूनच ते नाव घेऊन आले होते, सुनेच्या हकिगतीत मान आईकडे वळवून. मग ते धावले. टायरवाला टॉवेल टाकून त्यांच्यामागे नावेत चढला. वल्ह्यांचा आवाज दूर जात राहिला आणि सगळा काठ उभा राहून करड्या पाण्याकडे बघत राहिला. फळेकाका पाण्याकडे बघत, मग फोनवरच्या रिकाम्या ओळीकडे बघत, परत पाण्याकडे बघत. यादीताई त्यांच्याकडे बघत होत्या. शिडीच्या पायथ्याशी बसलेली मुलगी पुन्हा तिथे बसली होती, आणि तिला पुन्हा तसंच वाटत होतं, की ओळ आहे, म्हणजे माणूस येईल. ओळ तेवढी जपायची.

त्यांनी टेबलाच्या कडा दोन्ही हातांनी धरून ठेवल्या होत्या, कुणी संगणक पळवून नेईल अशा.

नाव परत आली तेव्हा तिच्यात तीन माणसं होती.

तिसरा ग्रंथालयात नव्याने आलेला ग्रंथपाल होता. गावात तो तीन महिन्यांपूर्वी आला होता, कुणाशी फारशी ओळख नव्हती, म्हणून तो आला नाही हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मध्यावर त्याच्या पायात गोळा आला आणि त्याने पिंप धरलं. ओठ शाईसारखे निळे पडले होते, बोटं पिंपाच्या कडीला इतकी आवळून बसली होती की टायरवाल्याला ती एकेक करून सोडवावी लागली. हाक का मारली नाही, असं नावाडीदादांनी त्याला वाटेत रडकुंडीला येऊन विचारलं होतं. मारली, तो म्हणाला. बाई जवळून गेल्या तेव्हाही मारली. पण इतकी वर्षं ग्रंथालयात काढलेला माणूस, त्याची हाक ती केवढी! अर्धं तळं आडवं असताना तो, शेजारच्या टेबलावरच्या वाचकाला त्रास होणार नाही अशा बेताने ‘कुणी आहे का’ म्हणत होता.

त्याला शालीत गुंडाळलं, गरम पाण्याच्या पिशव्या आल्या, कुणीतरी चहा तोंडाला लावला. फळेकाकांची शाल त्यात पहिली गेली. तो थोडा सावरल्यावर चिटणिसांना नियम आठवला. हळूच म्हणाले, हे नावेतून आले, पोहून नाही, मग यांना धरायचं का? यावर टायरवाल्याने त्यांच्याकडे नुसतं बघितलं, आणि चिटणीस स्वतःच म्हणाले, की धरायचं, अर्थात धरायचं, मी सहज विचारलं. फळेकाका म्हणाले, फळ्याने कधी विचारलं नाही कोण कसा आला ते.

यादीताईंनी त्याला नाव विचारलं. त्याने सांगितलं ते कुणालाच ऐकू आलं नाही. तीनदा विचारावं लागलं. शेवटी आई त्याच्या तोंडाशी कान नेऊन म्हणाली, अगं ग्रंथपाल, ग्रंथपाल लिही, आणि बाळा, उद्यापासून माझ्याकडे ये, तुला ओरडायला शिकवते.

वरची ओळ भरली. यादीताईंनी पान ताजं केलं. त्रेसष्ट, ग्रंथपाल. काठावर टाळ्या अशा झाल्या, की टेबलावरचा संगणक थरथरला. दूर देशांतून पान बघणाऱ्या मुलाबाळांना त्या ऐकू गेल्या नसतील. त्यांना एवढंच दिसलं असेल, की एक ओळ बराच वेळ कोरी होती, आणि आता नाही.

फळेकाकांनी फोन डोळ्यांजवळ धरला आणि बोटाने पान वरून खाली, अगदी तळापर्यंत नेलं. बासष्ट जिथे होता तिथे. चष्मेवाली जिथे होती तिथे. साडू एकावर एक, अजून रुसलेले. तळाशी टायरवाला, एक. कुणीही जागचं हललं नव्हतं. ते पुन्हा वर आले, पुन्हा खाली गेले. असं त्यांनी किती वेळा केलं कोण जाणे, पण ते थांबले तेव्हा त्यांनी खिशातले खडूचे तुकडे काढले, त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि ग्रंथपालाच्या रिकाम्या कपात टाकून दिले. मुलीला शाबासकी दिली नाही. ती त्यांच्या स्वभावात नव्हती. शेडमागची शिडी मात्र त्यांनी टायरवाल्याला उचलून आणायला लावली आणि वारा लागेल त्या बाजूला उभी करवली, म्हणजे ग्रंथपालाचे कपडे वाळत घालता येतील.

शिडीच्या एका पायरीवर आईनेही आपला टॉवेल टाकला. मग चष्मा चढवून तिने पान बघितलं, वरची ओळ बघितली, तिच्याखालची आपली ओळ बघितली, आणि तिचा चेहरा जरा उतरला.

“इतक्या वर्षांनी एकदा पुढे गेले,” ती नवऱ्याला म्हणाली, “आणि तुम्ही मला खाली उतरवलंत.”

फळेकाका खाकरले. पण या वेळी ते उठून कुठे गेले नाहीत. बघायला दोरी नव्हती, आणि पाण्यात कुणी राहिलेलं नव्हतं.